नऊ नंबरचं घरटं: उशिरा सापडलेली अंडी हलवायची का नाही

ही गोष्ट दोन-तीन सीझनपूर्वीची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या उत्तरेकडच्या एका छोट्या गावातली, गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये आणि माणसांची तर नाहीच नाही, कारण सगळे अजून एकाच पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) फिरतात आणि एकाच दुकानात चहा पितात. मी स्वतः त्यात होतो. समुद्री कासवांची अंडी राखायची आमची हॅचरी आहे, तिचं रजिस्टर माझ्याकडे असतं आणि माझा होमस्टेपण आहे, हे आधीच सांगून टाकतो कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पार्श्वभूमी

आमच्याकडे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं येतात. ओडिशात कशी हजारोंनी एकदम येतात तसलं काही इथे नाही, आमच्याकडे एकेकटी मादी येते, रात्री, कधी आठवड्यात तीन तर कधी पंधरा दिवसांत एकही नाही. नोव्हेंबर-डिसेंबरला सुरू होतं ते मार्चपर्यंत चालतं. एका वेळी शंभर-सव्वाशे अंडी, खड्डा दीड फूट खोल, तोंड अरुंद आणि खाली पोट सुटलेलं, थेट घागरीसारखा. अंडी घालून वाळू लोटली, वर अंग आपटून चेपली की बाई निघाली परत समुद्रात, पोरांकडे वळून बघणार नाही. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर.

पूर्वी आमच्याकडे ही अंडी खायचे, विकायचेही. वेळास गावात २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कासवं वाचवायचं काम सुरू केलं, २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरायला लागला, आणि मग हळूहळू किनाऱ्यावरच्या बाकी गावांतही हॅचऱ्या उभ्या राहिल्या. आमची त्यातलीच एक. हॅचरी म्हणजे फार काही नाही हो, सुरूच्या बनापुढे भरतीच्या रेषेच्या वर जाळीचं कुंपण, आत ओळीने खड्डे, प्रत्येकावर पाटी: नंबर, तारीख, अंडी किती, अपेक्षित तारीख. कुत्री, कोल्हे, घोरपडी आणि वाळूतले खेकडे यांच्यापासून वाचवायचं म्हणून अंडी मूळ जागेवरून काढून इथे पुरतात.

आमचे कासवमित्र, म्हणजे घरटी शोधून अंडी राखणारे, ते तात्या. साठी उलटलेली. तरुणपणी स्वतः अंडी शोधून बाजारात नेणारा माणूस, आणि तो ते लपवतही नाही. वाळूत काठी खुपसून हाताला जी ढिल लागते त्यावरून घरटं सांगायचा. आता काठी वापरत नाही (अंडं फुटतं), बोटांनी चाचपतो, पण नजर तीच. रोज पहाटे पाचला तीन किलोमीटर पुळण एकटा चालायचा. एकटा. हा शब्द लक्षात ठेवा.

नक्की काय झालं

माघातली शुक्ल एकादशी. तात्या दोन दिवस तापाने पडलेले. बदली म्हणून त्यांचा पुतण्या जायचा, पण आदल्या रात्री शेजारच्या गावात हळद होती, पोरगा पहाटे तीनला आला आणि झोपला. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, चार महिन्यांचं मानधन अडकलेलं होतं, त्यात हा बिचारा बदलीचा बदली. त्याने उठावं तरी कशासाठी?

त्या रात्री एक जण पाग (मासे धरायचं फेकजाळं) टाकायला पुळणीवर होता. साधारण एकच्या सुमाराला त्याने मादी परत पाण्याकडे जाताना बघितली. चांगली हाताच्या अंतरावरून. पण तो कोणाला बोलला नाही, कारण त्याला वाटलं तात्या पहाटे येतीलच. सकाळी साडेदहाला दुकानात विडी घ्यायला आला तेव्हा सहज बोलता बोलता म्हणाला, "काल तुमची पाहुणी येऊन गेली वाटतं." मी तिथेच होतो. हातातला चहा तसाच ठेवला.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. एकादशी म्हणजे सव्वाआठ. तर सकाळी सव्वाआठची भरती येऊन मागाचा खालचा सगळा भाग पुसून गेली होती. वरचा जेमतेम दहा-बारा पावलांचा माग उरलेला, ट्रॅक्टरच्या चाकासारखा दिसतो तो, त्यावरून पण गुरं गेलेली. ताप अंगात असताना तात्या शाल गुंडाळून आले आणि पाच मिनिटांत जागा सापडली. अकरा वाजलेले.

जागा वाईट होती. त्या दिवसाच्या भरतीच्या ओलीपासून चार-पाच हात वर, बस. एकादशीची भरती मध्यम असते, चार दिवसांनी पौर्णिमा, म्हणजे उधाण. तात्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "हे पुनवेला जाणार."

घोळ का होता

आता ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी. कासवाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं उलटंपालटं करून चालत नाही. घातल्यानंतर काही तासांत आतला जीव वरच्या बाजूला सरकतो आणि कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. तो चिकटायच्या आत अंडी हलवली तर ठीक, म्हणून आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात की शक्यतो सहा तासांच्या आत हलवा. नंतर फिरलं, हिंदकळलं, की ती नाजूक चिकटण तुटते आणि आतल्या आत खेळ खलास. बाहेरून काही कळत नाही. पन्नास दिवस तुम्ही मेलेल्या अंड्यांवर पाटी लावून राखण करत बसता.

आमचं घरटं अकरा वाजता दहा तासांचं झालेलं.

काय काय करता आलं असतं

पहिलं, तसंच ठेवायचं, वर पिंजरा टाकायचा आणि पौर्णिमेला नशिबावर. पुतण्याचं मत हेच होतं, पण खरं सांगायचं तर त्याला रात्रीची राखण आपल्या गळ्यात पडणार नाही याचीही खात्री हवी होती.

दुसरं, लगेच काढून तिथल्या तिथे वीसेक पावलं वर, सुरूच्या सावलीच्या कडेला पुरायचं. हलवण्याचा धोका तोच, पण अंतर कमी. कुत्र्यांचा त्रास मात्र तिथे जास्त, शिवाय सुरूची मुळं.

तिसरं, हॅचरीत न्यायचं. हॅचरी दोन किलोमीटर लांब. नेहमीची पद्धत हीच, आणि नेहमीची पद्धत असली की माणूस डोकं कमी चालवतो.

चौथा पर्याय त्या दिवशी कोणाच्या डोक्यातच आला नाही, तो खाली येईल.

आणि या सगळ्याच्या वर एक गोष्ट होती. कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. अंड्यांना आपण आपल्या मनाने हात लावायचा नाही. नेहमीच्या घरट्यांसाठी आम्हाला परवानगी असते, पण उशिरा सापडलेल्याचं काय करायचं याबद्दल काही लिहिलेलंच नव्हतं. मी म्हटलं वनखात्याच्या गार्डसाहेबांना विचारू. तात्या म्हणाले, "विचारायचं तर विचार, पण तोवर ऊन चढेल. काय ते आत्ता ठरव." मी फोन लावला.

इथे पहिली चूक माझी. फोन करणं नाही, फोनची वाट बघत बसणं. त्या दिवशी डोंगराला वणवा लागलेला, सगळे तिकडे, रेंज नाही. मी दर वीस मिनिटांनी लावत राहिलो. दुपारी तीनला बोलणं झालं, ते म्हणाले तुम्हाला योग्य वाटेल ते करा, फक्त नोंद ठेवा. म्हणजे चार तास थांबून जे उत्तर मिळालं ते अकरा वाजताच माझ्याकडे होतं.

काय केलं

चार वाजता काढायला सुरुवात केली. पंधरा तास झालेले. तात्या पोटावर आडवे, हात खांद्यापर्यंत खड्ड्यात, एकेक अंडं दोन बोटांत धरून जसं होतं तसं वर. मी बादलीत तळाला ओली वाळू घालून त्यावर ठेवत होतो. नेहमी अंडी एकसारखी असतात, टेबलटेनिसच्या बॉलसारखी पण जरा मऊ, किंचित पिवळसर, दाबलं तर खळगा पडतो. या वेळी वरच्या थरातल्या काहींच्या डोक्यावर खडूने पुसट बोट टेकवल्यासारखा पांढरा ठिपका होता. तात्यांनी एक उचललं, उन्हाकडे धरलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता ठेवलं. मला तेव्हा तो ठिपका म्हणजे काय ते माहीत होतं. ट्रेनिंगच्या वहीत लिहिलेलं होतं माझ्याच अक्षरात. तो पांढरा डाग म्हणजे आतला जीव चिकटला.

त्या क्षणी थांबता आलं असतं. अर्धी अंडी वर, अर्धी खाली, आणि आम्ही दोघं. पण सुरू केलेलं काम मध्येच सोडायचं कसं, हा विचार माणसाला काय काय करायला लावतो! ११८ अंडी काढली.

दुसरी चूकही माझीच. एरवी तात्या बादली हातात घेऊन चालत जातात, दोन किलोमीटरला पाऊण तास, दर थोड्या वेळाने हात बदलत. त्यांच्या अंगात ताप, मला घाई, ऊन. मी बादली स्कूटरवर पायांच्या मध्ये ठेवली आणि ओल्या वाळूवरून हळूहळू नेली. हळूहळू म्हणजे माझ्या हिशोबाने हळूहळू. मध्ये दोन ओहोळ लागतात. दोन्ही वेळा दणका बसला.

हॅचरीत खड्डा तयारच होता, दीड फूट. त्याच क्रमाने उलट, खालची खाली वरची वर, असं पुरलं. पाटी लावली, नंबर ९.

जाण्याआधी तात्यांनी एक काम केलं होतं जे मला तेव्हा निरर्थक वाटलं. मूळ जागेवर सुरूची एक काठी ठोकली, हातभर आत. मी विचारलं कशाला? "बघू ना, पुनव काय म्हणते ते."

काठीचं काय झालं

पौर्णिमेला दुपारी आम्ही दोघं जाऊन उभे राहिलो. पाणी काठीपर्यंत आलं, दोन-तीन लाटांचा फेस काठीच्या पुढे गेला आणि परत. वाळू वाहिली नाही, काठी हलली नाही. थोडा वेळ पाणी वरून गेलं म्हणून घरटं मरत नाही, तासन् तास साचून राहिलं तर मरतं. म्हणजे अंडी तिथेच असती तर त्या पौर्णिमेला वाचली असती. तात्या माझ्यापेक्षा जास्त वेळ काठीकडे बघत होते. म्हणाले, "चुकलं रे माझं. पुनवेला नाही गेलं."

पंधरा दिवसांनी अमावस्या. पाणी एक वीत वर, काठी जागेवर.

होळीच्या उधाणात मात्र काठी गेली. नुसती काठी नाही, तिथली पुळणीची कडाच तुटून गुडघाभर उतरण झाली होती. मार्चच्या आसपासची उधाणं वर्षातल्या मोठ्यांपैकी असतात, ते दिसलंच. तो दिवस होता चौतिसावा.

आता चौथा पर्याय सांगतो. अंड्याचा नाजूक काळ कायमचा नसतो. साधारण वीस-पंचवीस दिवसांनी आतला जीव एवढा घट्ट होतो की सांभाळून हलवलं तर पुन्हा चालतं. म्हणजे पिंजरा टाकून, राखण करून, पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी ही अंडी वर हलवता आली असती आणि होळीचं उधाण रिकाम्या वाळूवर आलं असतं. हे आम्हाला एप्रिलमध्ये कळलं, बाहेरून आलेल्या एका अभ्यासक बाईंनी सहज चहा पिताना सांगितलं. सहज! माझ्या घशाखाली पोहे उतरेनात.

पिल्लं बाहेर आली ती रात्र

पाडवा उलटून तीन-चार दिवस झालेले, बावन्नावा दिवस. जोडून सुट्टी, माझ्याकडे अकरा पाहुणे, ठाणे आणि पुण्याचे, सगळे सकाळी साडेसहाला पिल्लं समुद्रात सोडताना बघायला आलेले. आठवडाभर एकही घरटं उघडलं नव्हतं आणि मी त्यांना "बघू, नशीब असेल तर" असं सांगून ठेवलेलं.

रात्री साडेदहाला तात्यांचा फोन. टोपलीखाली नऊ नंबर फुटला. (दिवस भरत आले की खड्ड्यावर वेताची टोपली उपडी घालून ठेवतो, नाहीतर पिल्लं भलतीकडेच चालत सुटतात.)

माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला ते प्रामाणिकपणे लिहितो: ठेवू सकाळपर्यंत. आठच तास. पूर्वी सर्रास ठेवायचो, टोपलीत ओलं फडकं टाकून.

तिथे पोचलो तर टोपलीच्या आत ती सगळी एकमेकांवर चढत होती, काळी, जेमतेम दोन बोटं लांब, पुढचे पंखे वल्ह्यासारखे चालूच, थांबतच नव्हती. तात्यांची बायको, आम्ही काकी म्हणतो, ती कंदील घरीच ठेवून आली होती मुद्दाम. ती म्हणाली, "पोटात शिदोरी आहे तेवढीच घेऊन निघालीत ती. टोपलीत वल्हवून संपवली तर पुढे काय खातील?" आणि हे अगदी खरं आहे, पिल्लू अंड्यातल्या बलकाच्या उरलेल्या ताकदीवर पहिले एक-दोन दिवस सरळ खोल समुद्राकडे पोहत सुटतं, किनाऱ्याजवळच्या मासे-पक्ष्यांच्या टापूतून लवकर बाहेर पडायचं म्हणून. तो जोर टोपलीत जिरला की गेला.

तरी मी म्हटलं, काकी, अकरा माणसं आहेत.

"मग उठव त्यांना."

उठवलं. सहा उठले, पाच झोपले. ओहोटी नऊची, पाणी बरंच आत गेलेलं, म्हणून ओल्या वाळूच्या अलीकडे ठेवून चालू दिली, मोबाइल सगळ्यांचे माझ्या पिशवीत. अंधारात काही नीट दिसलं नाही कोणाला. नुसती वाळूवर खसखस ऐकू येत होती. तात्या पुढे खेकडे हाकलत चालले होते. ३९ गेली.

सकाळी झोपलेल्यांपैकी एका कुटुंबाने पैसे परत मागितले. एका रात्रीचे दिले. त्यांचं लहान मूल रडत होतं आणि मला खरंच वाईट वाटलं, पण त्या घरट्याच्या बाबतीत जर काही बरोबर झालं असेल तर तेवढंच.

खड्डा उघडल्यावर

चार-पाच दिवसांनी, रामनवमीच्या दिवशी, नऊ नंबर उकरला. फुटलेली कवचं ४१, म्हणजे दोन पिल्लं बाहेर पडता पडता आतच मेलेली. पूर्ण वाढून न फुटलेली ५. काहीच न धरलेली १४. आणि ५८ अंडी अशी की फोडल्यावर आत मसुराच्या डाळीएवढा किंवा त्याहून थोडा मोठा, डोळ्यांचे काळे ठिपके दिसणारा जीव, तिथेच थांबलेला.

उन्हाने गेली असतील, असं पुतण्या म्हणाला आणि मलाही ते पटवून घ्यायचं होतं. एप्रिलची वाळू तापते, फार तापली तर पिल्लं मरतात हे खरं आहे (त्याच्या आधीच नुसत्या उबेने माद्या जास्त होतात, ती वेगळीच भानगड). पण आठ नंबरचं घरटं शेजारीच होतं, दोन दिवस आधीचं, त्याच वाळूत, त्याच जाळीखाली. ते चार तासांच्या आत हलवलेलं होतं. १२१ अंड्यांतून ९६ पिल्लं निघाली. आणि उन्हाने मेलेली असती तर शेवटी मेली असती, मोठी होऊन. ही ५८ सुरुवातीलाच थांबलेली. पंधरा तासांनी हलवल्यामुळे का स्कूटरच्या दणक्यांमुळे, ते वेगळं काढता येत नाही. दोन्ही माझ्याच खात्यात आहे.

आता काय बदललं आणि काय नाही

गावात यावर मीटिंग झाली ती अंड्यांवर झालीच नाही, होमस्टेवाल्यांच्या बुकिंगवर झाली. रात्री सोडायची तर पाहुणे कशाला येतील, असा मुद्दा. मुद्दा खोटा नाही, आमच्या गावात सीझनचे हे दोन महिने म्हणजे काही घरांची वर्षाची बेगमी आहे आणि त्या पैशावरच लोकांनी अंडी खाणं सोडलं. शेवटी असं ठरलं की रात्री बाहेर आलेली रात्रीच सोडायची, पहाटे चारनंतर निघालेली तेवढी उजाडेपर्यंत थांबवायची. होमस्टेच्या मेसेजमध्ये आता आधीच लिहितो की पिल्लं दिसतीलच असं नाही. दोन घरं अजून लिहीत नाहीत.

पुळणीवर चालायला आता दोघं. एक फेरी रात्री बाराच्या पुढे, एक पहाटे. मानधनाचं रडगाणं तसंच आहे, मध्ये वर्गणी काढून भागवलं. पाग टाकणाऱ्या, रापणवाल्या (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या) सगळ्यांना सांगून ठेवलंय की मादी दिसली तर रात्री कधीही मिस कॉल द्या. खरं म्हणजे त्या दिवशीचा सगळा घोळ तिथे सुरू झाला. सकाळी अकराला कुठला पर्याय बरा यावर आम्ही आजही भांडू शकतो, पण रात्री एकला बघितलेली गोष्ट साडेदहापर्यंत एका माणसाच्या पोटात राहिली, आणि ती त्याच्या पोटात राहिली कारण आम्ही त्याला कधी आपल्यात धरलंच नव्हतं. कासवमित्र म्हणजे तात्या, बाकी सगळे बघे.

गार्डसाहेबांशी बोलून एक ठरवून घेतलंय: सहा तासांच्या आतलं असेल तर विचारायची गरज नाही, त्यानंतरचं असेल तर हातच लावायचा नाही, पिंजरा टाकायचा आणि मग फोन. रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला, अंडी घातल्याची वेळ आणि सापडल्याची वेळ. पूर्वी नुसती तारीख असायची, त्यामुळे आधीच्या वर्षांत किती घरटी उशिरा हलवून मारली ते आता कळायला मार्ग नाही. कमी पिल्लं निघाली की आम्ही "यंदा ऊन जास्त" असं लिहून मोकळे व्हायचो.

यंदा असंच एक सापडलं, सकाळी नऊला, जागा साधारण तशीच. काढलं नाही. वर बांबूचा पिंजरा, बाजूला दगड, आणि तात्यांनी शेजारी परत एक काठी ठोकली आहे. आज सतरावा दिवस. परवा अमावस्या आहे, दुपारी दोघंही जाऊन उभे राहणार आहोत.